अख्ख्या रोपाचा श्वास कसा मोजायचा: नाशिकच्या नवशिक्यांसाठी

गोडी छाटणीनंतर (घड धरण्यासाठी ऑक्टोबरच्या सुमारास होणारी छाटणी) नाशिकच्या द्राक्षबागांमध्ये घडामागे किती पाने ठेवायची यावर दरवर्षी चर्चा रंगते. पान अन्न तयार करते आणि घड ते खातो, एवढे सगळ्यांनाच ठाऊक असते. पण घडाबरोबर खोड खाते, मुळे खातात, कोवळे शेंडे खातात आणि पानेसुद्धा स्वतःच्या कमाईतला काही भाग स्वतःवर खर्च करतात. शिवाय हा खर्च रात्रीही थांबत नाही. त्यामुळे एका पानाला चिमटा लावून काढलेला आकडा कितीही अचूक असला, तरी झाडाच्या हातात शेवटी काय उरले ते त्यावरून कळत नाही. ते कळायला अख्खे रोप मोजावे लागते.

पानाला लावायची संशोधनाची यंत्रे लाखो रुपयांची असतात आणि ती पानाचा काही चौरस सेंटिमीटरचाच तुकडा बघतात. अख्ख्या रोपासाठी मात्र एक पारदर्शक पेटी, एक कार्बन डायऑक्साईड संवेदक, एक छोटा पंखा आणि थोडा धीर पुरतो. कृषी महाविद्यालयाचे विद्यार्थी, शाळेतले विज्ञान शिक्षक, रोपवाटिका चालवणारे आणि घरच्या गच्चीवर प्रयोग करू पाहणारे, अशा सगळ्यांना हे जमण्यासारखे आहे.

नेमके काय मोजायचे

उजेडात रोप हवेतला कार्बन डायऑक्साईड ओढून घेते आणि त्याच वेळी श्वसनातून थोडा परत सोडते. पेटीत दिसते ती या दोन्हींमधली वजाबाकी, म्हणजे निव्वळ प्रकाशसंश्लेषण. अंधार केला की ओढणे थांबते आणि फक्त सोडणे उरते. ते श्वसन. या दोन आकड्यांची बेरीज केली की एकूण प्रकाशसंश्लेषणाचा अंदाज येतो. त्याला अंदाजच म्हणायचे, कारण पानातले श्वसन उजेडात आणि अंधारात अगदी सारखे नसते. उजेडात ते काहीसे मंदावते. सुरुवातीच्या कामाला हा फरक आड येत नाही, पण तो आहे हे ध्यानात असू द्या.

मोकळ्या हवेत सध्या कार्बन डायऑक्साईडचे प्रमाण ४२० पीपीएमच्या थोडे वर आहे, म्हणजे हवेच्या दहा लाख रेणूंमागे सव्वाचारशेच्या आसपास. आपल्या उच्छ्वासात हेच प्रमाण सुमारे ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम असते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की प्रयोगात सर्वांत मोठा धोका कुणापासून आहे ते लगेच समजते. अर्धा लिटर उच्छ्वास ४३ लिटर हवा असलेल्या पेटीत गेला, तर आतला आकडा साडेचारशेहून अधिक पीपीएमने चढतो. रोप दोन-तीन मिनिटांत जेवढा फरक घडवते त्याच्या हा कैक पट. म्हणून पेटी बंद करताना श्वास रोखा, वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभे राहा आणि बघायला जमलेल्या मंडळींना चार पावले लांब ठेवा.

पेटी

३० × ३० × ५० सेंटिमीटरची अॅक्रिलिकची पेटी नवशिक्याला सोयीची. आकारमान ४५ लिटर. ४ किंवा ५ मिलिमीटर जाडीचा पत्रा घ्या. दुकानांच्या पाट्या बनवणारे कारागीर तो मापात कापून देतात. तळ उघडा ठेवा आणि पेटी सपाट पाटावर उपडी ठेवायची अशी रचना करा. दार आणि बिजागऱ्यांच्या भानगडीपेक्षा हे किती तरी सोपे, आणि गळतीच्या जागाही कमी. पेटी जिथे पाटावर टेकते तिथे चारही बाजूंनी दाराला लावतात तशी मऊ फोमची पट्टी चिकटवा आणि वर दोन विटा ठेवा.

सांधे सिलिकॉन सीलंटने भरा. हे सीलंट सुकताना आंबूस वासाची वाफ सोडते आणि ती रोपाला त्रासदायक ठरू शकते. वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे दोन-तीन दिवस, पेटी उघडी राहू द्या. घाई करू नका.

आत संगणकातला छोटा पंखा लावा. हा पंखा अत्यावश्यक आहे. तो नसेल तर पानांभोवतीची हवा वेगळी आणि संवेदकाजवळची वेगळी, असे होते. आलेख वाकडातिकडा येतो आणि त्याचा अर्थ लागत नाही. पण झोत थेट पानांवर नको. पंख्याचे तोंड भिंतीकडे करा, म्हणजे पाने जेमतेम हलतील आणि हवा मात्र फिरत राहील.

पॉलिथिनच्या मोठ्या पिशवीतही हे काम होते, आणि शेतातल्या उभ्या वेलीवर मोजायचे असेल तर पिशवीच लागते. तिची अडचण एकच: आकारमान नक्की कळत नाही, आणि गणितात आकारमान चुकले की उत्तरही तेवढ्याच टक्क्यांनी चुकते. शिकताना पेटीच घ्या.

संवेदक

अवरक्त किरणांवर चालणारा संवेदक घ्या. एससीडी ३० किंवा एमएच-झेड १९ हे छोट्या फळीवर बसवलेले संवेदक ऑनलाइन मिळतात आणि आर्डुइनो किंवा ईएसपी ३२ या नोंदी साठवू शकणाऱ्या छोट्या संगणकीय फळ्यांना जोडता येतात. घरातली हवा कशी आहे ते दाखवणारी काही स्वस्त उपकरणे कार्बन डायऑक्साईड मोजतच नाहीत. ती इतर वायूंवरून त्याचा नुसता अंदाज बांधतात. ती इथे निरुपयोगी आहेत. वेष्टनावर अवरक्त तंत्राचा उल्लेख आहे ना, हे बघूनच पैसे मोजा.

संवेदक हाती आला की दोन गोष्टी आधी करा. पहिली, त्यातली आपोआप शून्य साधण्याची सोय बंद करा. ही सोय खोल्यांसाठी केलेली असते. काही दिवसांतला सर्वांत कमी आकडा म्हणजे बाहेरची ताजी हवा, असे ती गृहीत धरते. आपल्या पेटीत मात्र रोप आकडा ताज्या हवेच्याही खाली नेते. संवेदक त्यालाच ताजी हवा समजतो आणि पुढची सगळी मोजमापे सरकतात. त्यापेक्षा दर आठवड्याला मोकळ्या मैदानात, रहदारीपासून दूर, दुपारच्या वाऱ्यात संवेदक ठेवून तो स्वतः तपासा. पहाटे तपासू नका. रात्रभर झाडे आणि माती यांनी सोडलेला वायू तेव्हा जमिनीलगत साचलेला असतो.

दुसरी गोष्ट खास आपल्या गावासाठी. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे आणि इथला हवेचा दाब साधारण ९४ किलोपास्कल असतो. मुंबईत तो १०१ च्या जवळ. विरळ हवेत हा संवेदक आकडा कमी दाखवतो. एससीडी ३० मध्ये उंची भरण्याची सोय आहे, ती वापरा. पुढे गणितातही ही उंची पुन्हा येणार आहे.

या संवेदकाला बदल नोंदवायला वेळ लागतो. एससीडी ३० ला खऱ्या बदलाच्या सुमारे दोन तृतीयांशापर्यंत पोहोचायला २० सेकंद लागतात. म्हणून पेटी बंद केल्यानंतरची पहिली ४० सेकंदे हिशेबात धरायची नाहीत.

रिकाम्या पेटीची परीक्षा

रोप आत ठेवण्याआधी पेटी किती गळते ते बघा. रिकामी पेटी किंचित उचलून आत एखादा श्वास सोडा आणि लगेच बंद करा. समजा आकडा १,५०० वर गेला. बाहेर ४००, म्हणजे फरक १,१०० चा. दहा मिनिटांत तो २० ने उतरला, तर दहा मिनिटांना पावणेदोन टक्क्यांच्या आसपास गळती झाली. खऱ्या मोजणीत आतल्या-बाहेरच्या हवेत ५० पीपीएमचाच फरक असतो, तेव्हा ही गळती दहा मिनिटांत जेमतेम एका पीपीएमची. ती खुशाल सोडून द्या. पण दहा मिनिटांत २०० ने उतरला, तर फोमची पट्टी, तारेचे भोक आणि कोपरे पुन्हा बघा. बहुतेक वेळा तारेच्या भोकातूनच हवा निसटत असते.

यानंतर रिकामी पेटी उन्हात ठेवून तीन मिनिटे नोंदी घ्या. रेषा आडवी यायला हवी. नुसत्या उन्हाने आकडा सरकत असेल तर संवेदक तापतोय. त्याला पांढऱ्या पुठ्ठ्याची सावली करा. हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि नेमका तोच गाळला जातो. रिकाम्या पेटीची नोंद जवळ नसेल, तर रोपाच्या नोंदीवर विश्वास ठेवायला आधारच राहत नाही.

रोप आणि त्याची कुंडी

पहिल्या प्रयोगाला टोमॅटो घ्या. गिरणारे, पिंपळगाव या भागांतल्या कोणत्याही रोपवाटिकेत चांगली रोपे मिळतात. ती झपाट्याने वाढतात, पाने पातळ असतात आणि उन्हाला लगेच प्रतिसाद देतात. सहा इंची कुंडीत लावून फुलावर येण्याच्या बेतात असलेले रोप पेटीत नीट बसते. आदल्या संध्याकाळी पाणी द्या. तहानलेले रोप पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची हवेची सूक्ष्म छिद्रे, मिटून घेते. मग कितीही ऊन असले तरी आकडा हलत नाही.

या सगळ्या कामातला कळीचा मुद्दा कुंडीतली माती हा आहे. माती जिवंत असते. तिच्यातले जिवाणू आणि बुरशी रात्रंदिवस कार्बन डायऑक्साईड सोडतात. शेणखत किंवा गांडूळखत घातलेली ओली कुंडी तर इतका सोडते की रोपाची कमाई झाकली जाते. म्हणून आधी फक्त जमिनीवरचा भाग मोजायला शिका. कुंडी पॉलिथिनच्या पिशवीत घाला, पिशवीचे तोंड खोडाभोवती आवळा आणि उरलेली फट मुलांच्या खेळातल्या क्लेने बुजवा. मोजणी झाली की पिशवी सोडा, कारण मुळांनाही प्राणवायू लागतो.

हात बसला की मुळांकडे वळा. त्यासाठी रोप मातीऐवजी धुतलेल्या जाड वाळूत वाढवा आणि पाण्यातून खते द्या. वाळूत सेंद्रिय पदार्थ जवळपास नसतात, त्यामुळे जिवाणूंचा वाटा खूप कमी होतो. शेजारी तशीच वाळू भरलेली, तेवढेच पाणी आणि तेवढेच खत मिळणारी, पण रोप नसलेली कुंडी ठेवा. रोपाची कुंडी पिशवीशिवाय मोजा, मोकळी कुंडी मोजा आणि वजाबाकी करा. मुळे स्वतःच गोड रस सोडून जिवाणूंना पोसतात, त्यामुळे ही वाटणी काटेकोर होणार नाही. तरीही रोपाचा जमिनीखालचा खर्च किती मोठा आहे ते दिसते, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला तो अनपेक्षित वाटतो.

उजेडातली मोजणी

स्वच्छ उन्हाचा दिवस आणि सकाळी नऊ ते अकराची वेळ निवडा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने यासाठी उत्तम: आकाश निरभ्र असते आणि पेटी फार तापत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी बंद पेटी बघता बघता भट्टीसारखी होते.

रोप पाटावर ठेवा आणि अर्धा तास उन्हात उघडेच राहू द्या. सावलीतून आणलेल्या रोपाची पर्णरंध्रे उघडायला तेवढा वेळ लागतो. तापमान आणि प्रकाश लिहून घ्या. प्रकाशासाठी लक्समापक वापरत असाल, तर सूर्यप्रकाशात लक्सच्या आकड्याला ५४ ने भागले की दर चौरस मीटरला दर सेकंदाला किती मायक्रोमोल उपयुक्त प्रकाश मिळतो ते कळते (मोल हे कण मोजायचे एकक, मायक्रोमोल त्याचा दहा लाखावा भाग). १,००,००० लक्स म्हणजे साधारण १,८५०. हा भाजक फक्त उन्हासाठी आहे. एलईडी दिव्याखाली तो वेगळा असतो. अॅक्रिलिकमधून जाताना सुमारे ८ टक्के प्रकाश कमी होतो, म्हणून मोजमाप पेटीच्या आत घ्या.

आता पंखा सुरू करा, श्वास रोखून पेटी उपडी ठेवा, विटा ठेवा आणि दूर व्हा. नोंद दर दोन सेकंदांनी आपोआप साठत राहील. तीन मिनिटे झाली की पेटी उचला. यापेक्षा जास्त वेळ बंद ठेवून हाती काही लागत नाही. आत उष्णता वाढते, पानांतून निघालेली वाफ भिंतींवर जमते, कार्बन डायऑक्साईड घटल्यामुळे प्रकाशसंश्लेषणही मंदावते आणि सरळ रेषा वाकू लागते. तापमान तीन अंशांपेक्षा जास्त वाढले असेल तर ती नोंद बाजूला काढा. पाच मिनिटे रोपाला मोकळी हवा द्या आणि पुन्हा मोजा. लागोपाठ तीन मोजण्या जुळल्या की ते आकडे धरा.

अंधारातली मोजणी

रोपावर आधी काळे जाड कापड आणि त्यावर अॅल्युमिनियमचा कागद टाकून उजेड पूर्ण बंद करा, पण पेटी अजून लावू नका. उजेड गेल्याबरोबर पानातून कार्बन डायऑक्साईडचा एक लोंढा बाहेर येतो आणि मग वेग स्थिरावतो. वीस-तीस मिनिटे थांबा. नंतर पेटी ठेवून ती झाका आणि या वेळी पाच मिनिटे नोंद घ्या, कारण श्वसनाचा वेग कमी असतो आणि स्वस्त संवेदकाला तो टिपायला जास्त वेळ लागतो.

जमले तर खरोखरीच्या रात्रीही मोजा. श्वसन तापमानाबरोबर वाढते. १० अंश वाढले की ते ढोबळमानाने दुप्पट होते. दुपारी ३० अंशांना कापडाखाली मोजलेला आकडा रात्रीच्या १२ अंशांना चालवला, तर खर्च तिपटीहून जास्त दिसेल. निफाडसारख्या ठिकाणी जानेवारीच्या थंड रात्री रोपाचा खर्च फार खाली येतो. उन्हाळ्यातल्या उबदार रात्री तो चढलेला राहतो. रोपे काही आठवड्यांत बदललेल्या हवेशी जुळवून घेतात आणि हा फरक काहीसा आवळतात, पण तो नाहीसा होत नाही.

गणित

आलेखातला सरळ भाग घ्या. समजा उजेडात दोन मिनिटांत आकडा ४४० वरून ३८० वर आला. ६० भागिले १२०, म्हणजे सेकंदाला ०.५ पीपीएम.

पेटी ४५ लिटरची, कुंडी आणि पंख्याने २ लिटर जागा व्यापली, म्हणजे हवा ४३ लिटर. या हवेचे मोल काढायचे. पाठ्यपुस्तकात २५ अंशांना एक मोल वायू साडेचोवीस लिटर जागा व्यापतो असे दिलेले असते. ते समुद्रसपाटीचे आहे. नाशिकच्या दाबाला तोच मोल सुमारे २६.३ लिटर व्यापतो, आणि ३५ अंशांना २७.२ लिटर. पुस्तकातला आकडा तसाच उचलला तर उत्तर ७ टक्के जास्त येते. ४३ भागिले २६.३ म्हणजे १.६३ मोल हवा.

०.५ गुणिले १.६३ म्हणजे रोप सेकंदाला ०.८२ मायक्रोमोल कार्बन डायऑक्साईड ओढत आहे. पानांचे क्षेत्रफळ १,००० चौरस सेंटिमीटर, म्हणजे ०.१ चौरस मीटर असेल, तर दर चौरस मीटरला दर सेकंदाला ८.२ मायक्रोमोल. हे निव्वळ प्रकाशसंश्लेषण. एकट्या, वरच्या, उन्हातल्या पानाचा आकडा यापेक्षा बराच जास्त येतो. त्याचे नवल नको. अख्ख्या रोपात खालची सावलीतली पाने आणि खोडही आले.

अंधारात पाच मिनिटांत ३० पीपीएम चढले असतील तर सेकंदाला ०.१, म्हणजे ०.१६ मायक्रोमोल.

आता याची साखर करून बघा. एक मायक्रोमोल कार्बन डायऑक्साईड म्हणजे ३० मायक्रोग्रॅम ग्लुकोज. हा वेग आठ तास टिकला असे धरले, तर दिवसाची निव्वळ कमाई सुमारे ०.७१ ग्रॅम होते. उरलेल्या सोळा तासांचा खर्च ०.२८ ग्रॅम. हाती राहिले ०.४३ ग्रॅमच्या जवळपास. उजेडातल्या आठ तासांचा लपलेला खर्च, म्हणजे आणखी ०.१४ ग्रॅम, मिळवला तर एकूण कमाईतला अर्धा वाटा या रोपाने श्वसनात घालवलेला दिसतो, आणि यात मुळांचा खर्च धरलेलाच नाही. उदाहरणातले आकडे सोयीचे घेतले असले, तरी हे प्रमाण बनावट नाही. वनस्पती आपल्या कमाईचा साधारण एक तृतीयांश ते अर्ध्याहून थोडा अधिक भाग श्वसनात खर्च करतात. ढगाळ आठवड्यात कमाई घटते आणि खर्च मात्र चालूच राहतो. खरड छाटणीनंतर (एप्रिलच्या सुमारास होणारी छाटणी) आभाळ भरून राहिले की घडनिर्मितीची काळजी का वाटू लागते, ते या हिशेबातून समजून घेता येते.

पानांचे क्षेत्रफळ काढायला यंत्र लागत नाही. पाने कागदावर ठेवून त्यांच्या कडा गिरवा, आकार कापा आणि कापलेले कागद वजन करा. झेरॉक्सचा ७५ जीएसएमचा कागद असेल तर एका चौरस मीटरचे वजन ७५ ग्रॅम. म्हणून साडेसात ग्रॅम कागद म्हणजे ०.१ चौरस मीटर. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा हवा. रोप अजून वाढवायचे असेल तर पाने न तोडता झाडावरच गिरवा, जरा वेळ जातो एवढेच.

उजेड कमी-जास्त करून

एवढे जमले की खरी गोडी पुढे आहे. हिरवी शेडनेट आपल्याकडे सगळीकडे मिळते. ५० टक्क्यांची एक, ७५ टक्क्यांची एक, मग दोन्ही एकावर एक, अशा तऱ्हेने उजेड उतरवत जा. प्रत्येक टप्प्यावर दहा मिनिटे थांबा आणि मोजा. शेवटचा बिंदू पूर्ण अंधाराचा. आडव्या अक्षावर प्रकाश आणि उभ्या अक्षावर वेग मांडा. रेषा शून्याला जिथे छेदते तिथे रोपाची कमाई आणि खर्च अगदी समान असतात. त्याहून कमी उजेडात रोप हिरवे दिसत असले तरी साठ्यावर जगत असते. जास्त रोपे दाटीने ठेवणाऱ्या रोपवाटिकांनी हा आलेख एकदा तरी काढावा, असे मला मनापासून वाटते.

पिके बदलून बघा. मक्याचे रोप उन्हात पेटीत ठेवून या वेळी मुद्दाम पेटी बंदच राहू द्या, फक्त तापमानावर नजर ठेवा. मका कार्बन डायऑक्साईड जवळजवळ संपवतो. टोमॅटो किंवा गहू मात्र ४० ते ६० पीपीएमच्या आसपास येऊन अडतात. हा दोन प्रकारच्या प्रकाशसंश्लेषणातला फरक आहे. ४०० च्या खाली संवेदकाची अचूकता घटते, पण दोन्ही रोपे कुठे थांबतात यातला फरक डोळ्यांना स्पष्ट दिसतो. ड्रॅगन फ्रूट किंवा कोरफड ठेवली तर सगळे उलटे होते. दिवसा रेषा जवळपास आडवी आणि रात्री आकडा उतरतो, कारण या वनस्पती पाणी वाचवायला रात्री पर्णरंध्रे उघडतात. हे ठाऊक नसेल तर संवेदक बिघडला असेच वाटेल.

संवेदकापुरते पैसे नसतील तर मत्स्यालयाच्या दुकानातली हायड्रिला आणा, तिची कापलेली फांदी पाण्यात उलटी ठेवा आणि देठातून सुटणारे बुडबुडे मिनिटाला किती ते मोजा. जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात १९२० च्या दशकात याच वनस्पतीचे बुडबुडे आपोआप नोंदवणारे यंत्र वापरून प्रकाशसंश्लेषणाचा अभ्यास केला होता. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. बुडबुडे लहान-मोठे असतात आणि श्वसन यातून मोजता येत नाही, तरी उजेडाचा परिणाम शाळेतल्या मुलांना दाखवायला ही पद्धत छान आहे.

चोवीस तास सलग मोजायचे असेल तर

बंद पेटी दिवसभर ठेवता येत नाही. त्यासाठी हवा सतत वाहती ठेवतात आणि आत जाणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या हवेतला फरक मोजतात. मिनिटाला किती लिटर हवा सोडायची हा पहिला प्रश्न. वरच्याच रोपाला मिनिटाला ५ लिटर हवा दिली, तर उन्हात सुमारे २६० पीपीएमचा फरक पडेल, म्हणजे रोप आत उपाशी राहील. २० लिटर दिली तर फरक ६५ वर येतो, ते योग्य. पण रात्री याच २० लिटरला फरक जेमतेम १३ पीपीएम असेल आणि स्वस्त संवेदक त्यात चाचपडेल. म्हणून रात्री प्रवाह ५ लिटरवर आणा, म्हणजे फरक पुन्हा पन्नासच्या घरात येतो. आत जाणारी हवा आधी मोठ्या पिंपातून जाऊ द्या, म्हणजे रस्त्यावरच्या वाहनांमुळे होणारे चढउतार पिंपातच शमतात. एकच संवेदक झडपेने दोन्हीकडे फिरवणे हे दोन वेगळे संवेदक लावण्यापेक्षा बरे. दोन संवेदकांतला आपसातला फरक बहुधा रोपाच्या फरकाइतकाच निघतो. वीज जाईल हे गृहीत धरून बॅटरी जोडा.

शेवटी आकडे पडताळून घ्या. एकाच दिवशी लावलेली, सारखी दिसणारी दहा-बारा रोपे वाढवा. त्यांतली निम्मी आज आणि निम्मी दहा दिवसांनी काढून मुळे धुवा, ७० अंशांच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत सुकवा आणि सरासरी फरक काढा. दरम्यान पेटीत दर दोन दिवसांनी दिवसाची आणि रात्रीची मोजणी घ्या आणि साखरेचा हिशेब जुळवा. साखरेपासून पाने आणि खोड बनवताना वजनात घट होते, म्हणून सुकलेले वजन साखरेच्या हिशेबापेक्षा कमीच भरेल. ते बरेच जास्त भरले तर कुठेतरी श्वास, गळती किंवा कुंडीतली माती घुसली आहे. पहिला संशय कुंडीवर घ्या.